पोस्टर कलरचं तळं

महाशिवरात्रीच्या आधीचा सोमवार. रक्कम दोनशे एक रुपये. त्यात फोटो काढणं, मोठी प्रत आणि रंगकाम आलं, फ्रेम गिऱ्हाइकाची. हजर माणसं चार: सोहळा समितीचे अध्यक्ष मन्मथअप्पा, माझे बाबा, चाँदभाई पेंटर आणि बिल लिहायला मी. माय आत भाकरी थापत होती, म्हणून तिला हजर धरता येत नाही. पण मधली भिंत कुडाची होती, आणि धरणाचं नाव निघालं तेव्हा भाकरी थापायचा आवाज थांबला होता, हे मला पक्कं आठवतं.

लातूर तेव्हा नुकतं जिल्हा झालं होतं. जिल्हा होणं म्हणजे काय हे आम्हाला पाट्यांवरून कळलं. कालपर्यंत सायकलचं पंक्चर काढणारा माणूस रातोरात ‘जिल्हा सायकल मार्ट’ झाला. गंजगोलाईतल्या एका न्हाव्यानं दुकानाला दुसरा आरसा लावला, कारण आता साहेब लोक येणार. चाँदभाईंना पाट्या रंगवायचं इतकं काम मिळालं की त्यांच्या नखांतला रंग वर्षभर निघाला नाही. नळाला तेवढं जिल्हा झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं. तो पूर्वीसारखाच मनात आलं की यायचा, आणि त्या साली पाऊस बुडाल्यावर तर त्यानं येणंच सोडलं. टँकरचा भोंगा वाजला की आमच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन अशा धावायच्या की रस्त्यावर पत्र्याचा पाऊस पडल्यासारखा आवाज व्हायचा. पावसाचा म्हणून आम्ही त्या वर्षी ऐकला तो एवढाच आवाज.

आमच्या स्टुडिओचं नाव ‘सागर’. घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, मधलं कपाटाएवढं अंधारं म्हणजे डार्करूम, आणि मागं आम्ही. स्टुडिओच्या भिंतीवर चाँदभाईंनी रंगवलेला पडदा होता: निळा समुद्र, एक जहाज, पाच नारळाची झाडं आणि मावळता सूर्य, जो जहाजाच्या अलीकडं मावळत होता. चाँदभाईंनी समुद्र पाहिला नव्हता. बाबांनीही नाही. निलंग्याकडची नवी जोडपी एसटीनं यायची, त्या समुद्रापुढं उभी राहायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. त्यांचं फिरणं तेवढ्यात व्हायचं. बाबा आतून कोट आणून द्यायचे, घड्याळ द्यायचे, गरज पडली तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण बुजवायचे. “माणूस हाय तसा काढायला आरसा पुरतो,” ते म्हणायचे. “फोटोला पैशे देतो माणूस, तर त्याला जरा जास्तीचं द्यायला पायजे.”

या धंद्याची एक अडचण अशी की फोटो धुवावा लागतो. औषधातून काढलेली प्रत साध्या पाण्यात चांगली खळबळून निघाली नाही, तर वर्षभरात पिवळी पडते. बाबा याबाबतीत फार काटेकोर होते, आणि पाणी भरायचं काम मायकडं होतं. “फोटूच्या आंघोळीला दोन घागरी,” ती म्हणायची, “आन् माणसाच्या आंघोळीला एक तांब्या. पुढच्या जन्मी फोटूच व्हते मी.” ते पाणी औषधी, म्हणून पुढं भांड्यालाही चालायचं नाही. ती ते नाल्यात ओतायची आणि ओतताना बाबांकडं बघायची.

तर मन्मथअप्पा. आडत दुकान मोठं, तुरीत कमावलेलं, अंगावर पांढरं धोतर आणि जिल्हा झाल्यापासून खिशाला दोन पेनं. चैत्रात नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि दाराशीच एक भलंमोठं चित्र लावायचं होतं: ‘आपल्या जिल्ह्याचं निसर्गसौंदर्य’.

“तळं पायजे,” अप्पा म्हणाले. “तळ्यात पक्षी पायजेत. बघणाऱ्याच्या जिवाला गार वाटलं पायजे.”

“अप्पा, तळी सगळी आटल्यात,” बाबा म्हणाले.

“म्हणूनच फोटो पायजे की. पाणी असतं तर लोकांनी तळंच जाऊन बघितलं असतं.”

बाबांनी विचार केला आणि म्हणाले, लोह्याकडच्या धरणात अजून थोडं पाणी आहे, आणि पाणी उतरलं की तिथं पक्षी फार उतरतात. त्यांची सासुरवाडी तिकडची.

“ते तर नांदेडात येतं,” मी म्हणाले. मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कोणती रक्कम कोणत्या खात्यावर जाते याविषयी नको तितकी जागरूक होते.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. “पोरी, पाण्याला कुठं जिल्हा असतो?”

पुढच्या तीसेक वर्षांत पाण्याला जिल्हा असतो, तालुका असतो, आमदारही असतो, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला कळलं. अप्पाही पुढं कुठल्याशा मोर्चात ‘आमच्या जिल्ह्याचं पाणी आमचंच’ असा फलक धरून चाललेले मी पाहिले. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा सारखाच प्रामाणिक होता.

त्या धरणात माझं आजोळ होतं. माय लग्न होऊन लातूरला आली, आणि मी रांगत असताना धरणाचं पाणी चढलं. आमचा बौद्धवाडा नदीच्या अंगाला, सखलात. गाव वर, उंचावर. त्यामुळे पाणी आधी आमच्या वाड्यात शिरलं. पुढं ज्या ज्या वर्षी पाऊस दगा द्यायचा, त्या वर्षी गाव थोडं थोडं वर यायचं. आधी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, मग पाटलाच्या घराचं जोतं, मग चावडी. आमचा वाडा कधीच आला नाही. बुडताना पहिला, निघताना शेवटचा. मोबदल्याच्या यादीतही तोच क्रम होता. त्या साली, धरणामुळं उठून हदगावला गेलेल्या मामानं निरोप पाठवला, “आक्का, औंदा आपला वाडा वर आलाय. मायची चूल जशीच्या तशी हाय.” त्या दिवसापासून माय एकच मागत होती: घराचा एक फोटू. पाऊस पडला की घर परत जाणार, आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. सगळे आभाळाकडं हात जोडत असताना आमच्या घरात एकटी माय पावसाच्या आधी पोचायची घाई करत होती.

पहाटेच्या नांदेड गाडीनं आम्ही तिघं निघालो. बाबांकडं कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो, माझ्याकडं कॅमेऱ्याचं तिकाटणं, मायकडं भाकरी, तिळाची चटणी, कांदे आणि एक वाकळ. लोह्याला उतरून पुढं बैलगाडीनं आणि मग पायी. धरणाच्या काठावर उभं राहिलो तर पाणी इतकं लांब गेलेलं की उन्हात ताटलीसारखं चमकत होतं. मधली सगळी जमीन भेगाळलेली, आणि पाण्याच्या जवळ ओल्या गाळाचा काळा पट्टा. त्या पट्ट्यावर पक्षी होते. किती, ते मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. तांबड्या काड्यांवर उभ्या राहिल्यासारख्या शेकाट्या, शेपटी हलवत पळणारे तुतवार, आणि एका बाजूला बगळे, लग्नातल्या जावयांसारखे रुसून उभे. दुष्काळानं पाणी नेलं होतं म्हणून गाळ उघडा पडला होता, आणि गाळ उघडा पडला म्हणून एवढे पक्षी जेवायला आले होते. माणसांची उपासमार ही त्यांची पंगत होती.

“आधी माझ्या घराचा काढा,” माय म्हणाली.

“उजेड आत्ता पक्ष्यांचा आहे. घर काय उडून जातंय?”

“उडत न्हाई. बुडतं.”

पण बाबा वाकळ अंगावर घेऊन गाळात शिरलेही होते. आमच्या कॅमेऱ्यातून लांबचं जवळ दिसत नसे, त्यामुळे पक्ष्याचा फोटो हवा तर पक्ष्यापाशी जायला पाहिजे. वाकळेखाली चार पायांवर जाणारे माझे वडील मागून बघितले तर आजारी म्हशीसारखे दिसत होते. शेकाट्या त्यांच्याकडं मान वळवून बघायच्या, चार पावलं पुढं जायच्या आणि परत चोच खुपसायच्या. माय काठावरून ओरडली, “डावीकडं जाऊ नगा, तिथं पाटलाची इहीर व्हती.” बाबांनी हात हलवला. त्याचा अर्थ, पक्षी उडवू नको. आणि ते डावीकडं गेले.

गाळानं भरलेल्या विहिरीत माणूस एकदम पडत नाही, सावकाश खाली जातो. बाबा कमरेपर्यंत गेले तेव्हा त्यांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता आणि अजूनही मुंडी पक्ष्यांकडंच होती. आम्ही त्यांच्या मागं निसटलेल्या वाकळेचा पीळ करून टाकला आणि दोघींनी ओढलं. माय ओढता ओढता हसायला लागली, ती खाली बसलीच. “आमच्या बापाला ह्या इहिरीच्या काठाला हात लावू देत नव्हते,” ती म्हणाली. “जावई कमरंपतोर उतरला बघा. कुणी इटाळ झाला म्हणायला बी राहिलं न्हाई.”

बाहेर निघाल्यावर तरी बाबा घराचा फोटो काढतील असं तिला वाटलं. त्यांनी अकरा फोटो पक्ष्यांचे काढले. माय वाड्यात जाऊन बसली. भिंती कधीच्या विरघळलेल्या; दगडी जोती तेवढी राहिलेली, ओळीनं, आणि प्रत्येक जोत्यात एक काळा कोपरा, चुलीचा. तिनं आपलं जोतं शोधलं, पदरानं उंबरा पुसला आणि त्यावर बसून भाकरी खाल्ली. शेवटी बारावा फोटो तिचा ठरला. ती उंबऱ्यात उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. बाबांनी तिकाटणं लावलं, वाकून बघितलं, आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं सगळा थवा उठला. बाबा कॅमेऱ्यासकट गर्रकन वळले आणि बटण दाबलं.

रोल संपला. माय तशीच उभी होती.

“कावळे उडाले असते तरी तुम्ही वळला असता,” ती म्हणाली आणि पदर कमरेला खोचून चालायला लागली. एसटीत ती बाबांकडं पाठ करून बसली. खिडकी तिला हवी होती, ती तिनं मला दिली.

बारावा फोटो हलला. आकाशावर तीळ सांडल्यासारखा आला. पण तिसरा औषधात उमटताना बघून आम्ही दोघंही ट्रेवर वाकलो. पुढं सात शेकाट्या, एकेक पीस मोजावं अशा; त्यांच्या मागं भेगाळलेला गाळ; आणि त्याच्या मागं आमचा वाडा, जोत्यांची ओळ, आणि एका उंबऱ्यावर भाकरी खाणारी बाई. बोटाच्या पेराएवढी, पण मायच. मी तिला हाक मारली. तिनं ओल्या हातानं प्रत धरली आणि बराच वेळ बघितली.

“ही चूल,” ती म्हणाली. “हा उंबरा. ही मी. एक मला द्या.”

“मोठी प्रत झाली की देतो,” बाबा म्हणाले. त्यांना आता अपराधी वाटत होतं आणि अशा वेळी ते फार उदार बोलायचे. “अगं, प्रदर्शनाच्या दारात लागणार आहे. तुझं घर सगळा जिल्हा बघणार.”

त्या दिवशी तिनं न कुरकुरता तिसरी घागर भरून दिली.

अप्पांना तोच फोटो पसंत पडला. “पक्षी झकास. पण चिखल लई दिसतोय. आन् ही मागची पडझड कशाची?”

“गाव होतं तिथं,” बाबा म्हणाले.

“ते काढून टाका. पाणी भरा तिथं. वाढत्या जिल्ह्याच्या दारात मसणवटा लावायचा का आपण?”

बाबा काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठपर्यंत भरू?” त्यांचा जन्म वण बुजवण्यात गेला होता. मोठी प्रत निघाल्यावर अप्पा छोटी प्रत आणि निगेटिव्हही घेऊन गेले, दुसऱ्या कुणाला विकू नये म्हणून.

मोठी प्रत चार फुटांची झाली आणि रंगवायला चाँदभाईंकडं गेली. मी बिलात दोनशे एकच्या वर ऑइल कलरचे तीस रुपये धरले होते, ते अप्पांनी खोडले. चार दिवसांच्या प्रदर्शनाला ऑइल कशाला, पोस्टर कलर मारा. चाँदभाईंनी दोन बाटल्या निळ्या रंगात सगळा गाळ, सगळी जोती आणि माझी माय बुडवली. पाणी सुरेख झालं होतं. अडचण एवढीच होती की शेकाट्यांचे पाय लांब, ते चिखलावर टेकलेले. चिखलाचं पाणी झाल्यावर सातही पक्षी पाण्यावर उभे राहिले, सिद्धपुरुषांसारखे.

“चाचा, पक्षी बुडत कसे नाहीत?” मी विचारलं.

“हल्के रहते बेटा,” चाँदभाई म्हणाले. मग ते दोन पावलं मागं सरले, डोळे बारीक केले आणि डाव्या कोपऱ्यात एक नारळाचं झाड काढलं.

“आणि हे?”

“इत्ता पानी है तो नारियल होनाच. मैं पडदे में बी निकाला था ना?” झाडाला त्यांनी ऑइल कलर वापरला. खोबरेल तेलाच्या जाहिरातीची एक भिंत रंगवली होती, तिचा हिरवा उरला होता. “इसका पैसा नक्को,” ते म्हणाले. “जिल्हे को मेरे तरफ से.”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी माय नवी साडी नेसत होती. मला वाटलं, तिथं जाऊन बघण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

“माय, गाव दिसणार न्हाई. वरून पाणी भरलंय.”

“कुणी?”

“चाँदभाईंनी. अप्पांनी सांगितलं म्हणून.”

तिनं निऱ्या हातात धरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. “सगळा जिल्हा टँकरमागं पळून राहिलाय, आन् याला पाणी सापडलं कुठं?” मग म्हणाली, “कोणत्या रंगानं?”

“पोस्टर कलर. ऑइल अप्पांनी कापला.”

“म्हंजे पाण्यानं जातो.”

“जातो,” मी म्हणाले. तिनं निऱ्या खोचल्या.

प्रदर्शनाच्या दारात मांडव, मांडवाला केळीचे खांब, एका बाजूला पाहुण्यांसाठी रांजणात वाळा घातलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला आमचं तळं. अप्पा हार मोजत होते. बाबा चित्राशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. माय सरळ रांजणापाशी गेली, पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि चित्रापाशी येऊन पुसायला लागली. एखाद्या पोराचं तोंड पुसावं तसं, शांतपणे, कडेपासून.

“बाई, काय करलालाव तुम्ही?” अप्पा धावले.

“माझ्या घरावर पाणी सांडलंय,” माय म्हणाली. “पुसून राहिले.”

“अहो, धरा की ह्यांना,” अप्पा बाबांना म्हणाले.

बाबा पुढं आले. त्यांनी मायकडं बघितलं, मग चित्राकडं. पहिलं जोतं वर आलं होतं. बाबांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि रांजणाकडं गेले. “कोपऱ्यात दाबून घासू नकोस,” परत येऊन ते तिला म्हणाले. “खालचा कागद निघंल.” त्यांच्या आयुष्यातलं बुजवायचं सोडून उघडं करायचं असं ते पहिलंच काम असावं. निळं पाणी दोघांच्या कोपरांवरून ओघळत होतं. भोवती माणसं जमली. वाळ्याचा वास सुटला होता. शेकाट्यांचे पाय पुन्हा चिखलात टेकले, जोत्यांची ओळ आली, आणि सगळ्यांत शेवटी उंबऱ्यावर बसलेली बाई. नारळाचं झाड मात्र गेलं नाही. फुटलेल्या गाळातून ते ताठ उभं राहिलं, हिरवंगार.

तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले. वेळेच्या आधी येणारा तो मी पाहिलेला एकमेव पाहुणा. तो चित्रापुढं थांबला. खाली ओलं, वर चिखल, सात पक्षी, एक बाई आणि एक नारळ.

“हे कुठलं?” त्यानं विचारलं.

“आमचं घर हाय, साहेब,” माय म्हणाली.

“उत्तम,” पाहुणा म्हणाला, आणि पुढच्या शिलाई मशीनपाशी जाऊन तिलाही उत्तम म्हणाला.

काही वर्षांपूर्वी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. स्टेशनावर टाक्यांची ती लांबलचक गाडी बघायला मी नातवाला घेऊन गेले होते. तिथं फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होती की गाडी दिसेना. मला चाँदभाईंची फार आठवण झाली. दोन बाटल्यांत त्यांनी जिल्ह्याची गरज भागवली होती, आणि त्या गाडीशेजारी एक नारळ त्यांनी नक्की उभा केला असता.

आता हिशेब. अप्पांनी दोनशे एकमधला एक रुपयाही दिला नाही; नुकसान झालं म्हणाले. पाहुण्याला काही नुकसान दिसलं नव्हतं, पण पाहुणा बिलावर सही करणार नव्हता. चित्र आणि निगेटिव्ह अप्पांच्या आडत दुकानात गेलं, आणि चित्र तुरीच्या पोत्यांमागं भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं. पंधरा दिवसांनी माय मला घेऊन तिथं गेली.

“एकशे एक,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, अख्ख्या घराचे सरकारनं एकशे चोवीस दिले. भाऊ आन् मी, दोघात. माझ्या वाटणीला बासष्ट आले. फोटूचे त्याच्या वर कसे देऊ?”

अप्पांनी पेन खिशातून काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. मग म्हणाले, “शकुनाचे एक्कावन्न द्या.”

तिनं डब्यातून आणलेले ते बासष्ट रुपये तसेच होते, मामानं दिलेल्या घडीत. एक्कावन्न अप्पांना मोजून दिले. चित्र आम्ही दोघींनी डोक्यावर धरून गोलाईतून आणलं. घरी बाबांनी रॉकेलचा बोळा घेतला, नारळ पुसायला; तिनं त्यांचा हात धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तेवढंच एक हिरवं हाय तिथं.”

मग ती चाँदभाईंच्या दुकानात गेली. ते नक्को नक्को म्हणत असताना उरलेले अकरा रुपये तिनं त्यांच्या रंगाच्या डब्यांवर ठेवले, झाडाचे म्हणून.